‘तुम्हाला काही विचारायचंय?’: सॉफ्टवेअर कंपनी मुलाखतीतच कशी पारखावी

मुलाखत संपत आली की समोरचा माणूस घड्याळाकडे बघतो, लॅपटॉप मिटतो आणि विचारतो, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी या प्रश्नावर मी हसून म्हणाले होते, ‘नाही, सगळं समजलं.’ काय समजलं होतं, देव जाणे. रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं, की ज्या प्रॉडक्टवर मला काम करायचंय ते सर्व्हरवर चढवायची रीत फक्त एका माणसाला ठाऊक आहे. ती कुठं लिहून ठेवलेली नाही, आणि तो माणूस महिनाअखेर नोकरी सोडतोय. मला घेतलं होतं ते त्याच्याच जागी. हे कुणी माझ्यापासून लपवलं नव्हतं. मीच विचारलं नव्हतं.

पुढं बरीच वर्षं मी मुलाखती घेणाऱ्यांच्या खुर्चीतही बसले. तिथून एक गोष्ट दिसली. मुलाखत घेणारे फारसं खोटं बोलत नाहीत, पण गुळमुळीत बोलतात. ‘हो, आमच्याकडे टेस्टिंगला खूप महत्त्व आहे’ हे वाक्य बोलताना माणसाला आपण थाप मारतोय असं वाटतही नाही. महत्त्व आहेच, फक्त गेल्या सहा महिन्यांत टेस्ट, म्हणजे कोड नीट चालतो का हे आपोआप तपासणारा छोटा प्रोग्राम, कुणी लिहिलेली नाही.

म्हणून या लेखातल्या सगळ्या पायऱ्यांमध्ये एकच शब्द पुन्हा पुन्हा येईल: ‘शेवटचं’. ‘तुमच्याकडे कोड रिव्ह्यू (एकाचा कोड दुसऱ्यानं वाचून तपासणं) होतो का?’ याला उत्तर ‘हो’ असंच येणार. ‘तुम्ही स्वतः शेवटची पुल रिक्वेस्ट कधी टाकली, आणि ती मर्ज व्हायला किती वेळ लागला?’ असं विचारलं की समोरच्याला आठवावं लागतं. (पुल रिक्वेस्ट म्हणजे ‘माझा बदल मुख्य कोडमध्ये घ्या’ अशी विनंती, आणि मर्ज म्हणजे तो तिथं घेतला जाणं.) ‘मंगळवारी टाकली, दोघांनी बघितली, एकानं नावांवरून वाद घातला, गुरुवारी गेली’ असं उत्तर आलं तर तिथं रिव्ह्यू होतो. ‘आम्ही साधारणपणे प्रयत्न करतो की...’ अशी सुरुवात झाली, तर होत नाही किंवा कधीमधी होतो. मुलाखत घेणारे तुम्हाला ‘एखादा प्रसंग सांगा’ म्हणतात ते याच कारणासाठी. तेच हत्यार तुम्हीही वापरायचं. उत्तर आल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, दोन-तीन सेकंद गप्प राहा. त्या शांततेत माणसं खरा तपशील सांगून टाकतात.

पायरी १: जाण्याआधीचा एक तास

कंपनीच्या वेबसाइटवरचं ‘आमच्याविषयी’ हे पान वाचून फार काही हाती लागत नाही. कंपनीनं सजवून ठेवलेलं नसतं तिथं बघा. आयफोनसाठीचं अ‍ॅप असेल तर अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरवर जुन्या आवृत्त्यांच्या तारखा दिसतात. दर दोन-तीन आठवड्यांनी काहीतरी येतंय, की आठ महिने सामसूम आणि मग एका आठवड्यात पाच दुरुस्त्या? दुसरा प्रकार दिसला तर मुलाखतीसाठी एक प्रश्न आयताच मिळाला. सेवा बंद पडल्याची माहिती देणारं स्टेटस पान असेल तर तेही चाळा. तिथं वर्षभर नुसतं हिरवंगार दिसलं तर मला तरी शंका येते. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर कंपनीचा खुला कोड असेल तर कोडपेक्षा आधी तक्रारी वाचा. बाहेरच्या माणसानं दाखवलेल्या चुकीला कुणी, किती दिवसांनी आणि कुठल्या सुरात उत्तर दिलं, यावरून आत नवख्या माणसाशी कसं बोलत असतील याचा अंदाज येतो.

नोकरीची जाहिरातही पुराव्यासारखी वाचायची. एका जागेसाठी वीस तंत्रज्ञानांची यादी असेल तर एक तर तिघांचं काम एकावर पडणार आहे, किंवा जाहिरात लिहिणाऱ्याला काम माहीत नाही. तीच जाहिरात दर तीन महिन्यांनी झळकत असेल तर कंपनी वाढतेय किंवा गळतेय. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून विचारायचं.

कंपन्यांबद्दल लोक लिहितात त्या साइटवरचे पाच ताऱ्यांचे आणि एका ताऱ्याचे अभिप्राय मी सहसा सोडून देते. मधले वाचते, आणि तीच किरकोळ तक्रार वेगवेगळ्या वर्षांत तिघांनी केलीय का ते शोधते. तिथं आधी काम केलेलं कुणी ओळखीत निघालं तर वीस प्रश्न विचारू नका. ‘परत जाल का तिथं?’ एवढंच विचारा आणि पहिल्या दोन सेकंदांतला चेहरा बघा.

पायरी २: ते तुमच्याशी कसं वागताहेत

तुमची परीक्षा चाललेली असताना त्यांचीही चाललेली असते, फक्त त्यांना ते बहुधा लक्षात नसतं. तुमचा बायोडेटा त्यांनी वाचलाय का? उशीर झाला तर कुणी कळवलं का? या बारीक गोष्टींवरून निकाल लावू नये, पण त्या मनात टिपून ठेवाव्यात.

त्यापेक्षा मोठी खूण वेगळी आहे. एकच प्रश्न दोन माणसांना, वेगवेगळ्या वेळी, मुद्दाम विचारायचा: ‘या जागेवर आलेल्या माणसानं पहिल्या सहा महिन्यांत काय करून दाखवलं तर तुम्हाला समाधान वाटेल?’ मॅनेजर म्हणाले ‘नवीन प्रॉडक्ट उभं करायचंय’ आणि टीममधला इंजिनीअर म्हणाला ‘जुनी सिस्टीम सांभाळायला माणूस हवाय’, तर इंजिनीअरचं खरं धरा. त्याला तुमच्या शेजारी बसून ते काम करायचंय.

फ्रेशर मुलाखतीत ‘मला माहीत नाही’ म्हणायला घाबरतात. कधी ना कधी ते म्हणावंच लागतं, तर म्हणा आणि समोर काय होतं ते बघा. ‘ठीक आहे, आपण विचार करून बघू, तुम्हाला काय वाटतं, इथं डेटा किती असेल?’ असं म्हणून सोबत विचार करणारा माणूस उद्या तुमचा कोड वाचणार असेल तर तुमचं नशीब चांगलं आहे. ओठ मुडपून पुढच्या प्रश्नाकडे वळणाराही उद्या तुमचाच कोड वाचणार असतो.

घरी करायला काम दिलं तर तीन गोष्टी आधीच विचारून घ्या: किती तास अपेक्षित आहेत, कोण वाचणार, आणि नंतर त्यावर चर्चा होणार का. तीन-चार तासांचं काम आणि त्यावर अर्धा तास बोलणं, हे रास्त आहे. आठवडाभराचं काम, तेही त्यांच्याच प्रॉडक्टमधल्या एखाद्या नसलेल्या सोयीसारखं दिसणारं, आणि चर्चेचं नावही नाही, असं असेल तर नम्रपणे नकार द्या. आणि मुलाखत अवघड होती म्हणजे काम चांगलं असेल, असं समजू नका. फळ्यावर ‘ट्री’ आणि ‘ग्राफ’ या डेटाच्या रचनांची कोडी सोडवून घेणाऱ्या एका कंपनीत मी पुढचं वर्षभर फॉर्मचे रकाने सरळ करत बसले होते.

ज्याच्या हाताखाली काम करायचं तो मॅनेजर एकाही फेरीत भेटला नसेल तर भेट मागा. दिली नाही, तर मी पुढं जात नाही.

पायरी ३: एका ओळीचा प्रवास

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून इथं जरा रेंगाळू.

२००० साली जोएल स्पोल्स्की या प्रोग्रामरनं सॉफ्टवेअर टीम पारखण्यासाठी बारा हो-नाही प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. कोडच्या आवृत्त्या सांभाळायची व्यवस्था आहे का, एका पायरीत बिल्ड होतं का (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार होतो का), बगची नोंद ठेवता का, नवीन कोड लिहिण्याआधी जुने बग दुरुस्त करता का, बसायला शांत जागा आहे का, अशा धाटणीचे. बारापैकी दहा किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर टीममध्ये गंभीर दोष आहे, असं त्याचं म्हणणं होतं. त्या काळी ही यादी फार उपयोगी होती. पण २००५ मध्ये आवृत्त्या सांभाळणारं गिट हे साधन आलं आणि पुढं सर्वत्र पसरलं. आता ‘व्हर्जन कंट्रोल वापरता का?’ याला नाही म्हणणारी कंपनी सापडणं मुश्कील आहे. हो-नाही प्रश्नांची धार बोथट झालीय. म्हणून मी बाराच्या जागी एकच प्रश्न विचारते:

‘समजा मी माझ्या लॅपटॉपवर कोडची एक ओळ बदलली. ती ओळ वापरणाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर काय काय घडतं, कोण कोण हात लावतं, किती वेळ जातो? गेल्या आठवड्यातलं एखादं खरं उदाहरण घेऊन सांगाल का?’

या लेखातलं दुसरं काहीच लक्षात राहिलं नाही तरी हा प्रश्न खिशात ठेवा. उत्तर ऐकताना तीन गोष्टींकडे कान हवा. मशीन आपोआप काय करतं आणि माणूस हातानं काय करतो. ओळ कुठं वाट बघत पडून राहते: रिव्ह्यूत, टेस्टिंगमध्ये, की कुणाच्या तरी मंजुरीसाठी. आणि ‘मग तो अमुक तमुक ते सर्व्हरवर टाकतो’ असं एकाच माणसाचं नाव पुन्हा पुन्हा येतंय का. माझ्या पहिल्या नोकरीतला तो माणूस आठवतोय ना?

हातानं कोड चढवण्यात काय बिघडतं याचं एक फार महागडं उदाहरण नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या अमेरिकी कंपनीचं आहे. त्यांनी नवीन कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, तो सातच सर्व्हरवर गेला. आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड तसाच पडून होता. १ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी बाजार उघडला तसा तो जागा झाला आणि भराभर चुकीचे सौदे करत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. कंपनी स्वतंत्रपणे फार काळ टिकली नाही. त्या टीममध्ये हुशार माणसं नव्हती असं नाही. आठही ठिकाणी कोड पोचला का, हे तपासणारी व्यवस्था नव्हती.

तेव्हा पुढचा प्रश्न: ‘चुकीचं काही वर गेलं तर मागं कसं फिरवता? शेवटचं कधी फिरवलं?’ ‘तशी वेळच आली नाही’ हे उत्तर ऐकायला छान वाटतं, पण त्याचा अर्थ बहुधा असा, की फिरवायची वाट कुणी चालून बघितलेली नाही. त्याला जोडून विचारा, नवीन बदल एकदम सगळ्यांना जातो की आधी थोड्यांना. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. विमानसेवा अडकल्या, इस्पितळांची कामं खोळंबली. हा प्रश्न आता कुठल्याही मुलाखत घेणाऱ्याला खवचट वाटत नाही.

डोरा नावाचा एक संशोधनगट आहे, २०१८ पासून गूगलचा भाग असलेला. त्यांनी टीमचं काम मोजायला चार मापं रूढ केली: बदल किती वेळा वर जातात, कोड लिहिल्यापासून वर जायला किती वेळ लागतो, गेलेल्या बदलांपैकी कितींमुळे बिघाड होतो, आणि बिघाड झाल्यावर सावरायला किती वेळ लागतो. समोरच्याला डोरा हे नाव माहीत नसलं तरी हरकत नाही. चांगल्या टीममधला माणूस या चारांचा ढोबळ अंदाज न अडखळता सांगतो.

टेस्टबद्दल विचारताना ‘किती टक्के कव्हरेज?’ (म्हणजे किती कोड टेस्टमधून तपासला जातो) या फंदात पडू नका, आकडा फुगवणं सोपं असतं. ‘टेस्ट फेल झाली म्हणून शेवटचा रिलीज कधी थांबला?’ असं विचारा. कधीच थांबला नसेल तर त्या टेस्ट शोभेच्या आहेत.

फ्रेशरसाठी माझा आवडता प्रश्न: ‘टीममध्ये सगळ्यात नव्यानं आलेल्या माणसाचा पहिला बदल किती दिवसांनी प्रॉडक्शनवर गेला?’ (प्रॉडक्शन म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात ती सिस्टीम.) या प्रश्नात सगळं येतं. लॅपटॉप आणि परवानग्या वेळेवर मिळतात का, मशीनवर प्रोजेक्ट चालू करायच्या सूचना लिहिलेल्या आहेत का, कुणी शेजारी बसून दाखवतं का. पहिल्या आठवड्यात एखादी छोटी दुरुस्ती गेली असेल तर उत्तम. दोन महिने लागले असतील तर कारण विचारा. वैद्यकीय उपकरणं, बँका, विमानं अशा क्षेत्रांत नियमांमुळे खरोखर वेळ लागतो, आणि तो लागायलाच हवा. ‘अ‍ॅक्सेस यायला उशीर झाला’ हे कारण मात्र वेगळं. म्हणजे नवा माणूस दोन महिने रिकामा बसला आणि कुणाला ते टोचलं नाही.

आणखी एक अलीकडचा प्रश्न, चालता चालता: कोड लिहायला एआय साधनं वापरू देता का, आणि त्यातून आलेल्या कोडची जबाबदारी कुणाची? ‘ज्यानं पुल रिक्वेस्ट टाकली त्याची’ हे उत्तर मला पटतं. नियमच ठरलेला नाही असं कळलं, तर उद्या एखादी चूक निघाल्यावर बोट नवख्याकडे वळेल.

पायरी ४: बिघडलं तेव्हा काय झालं

सगळ्या सिस्टीम कधी ना कधी पडतात. पडल्यावर माणसं काय करतात, तिथं कंपनी कळते.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड ठेवायची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनीअरनं रात्री उशिरा, थकलेल्या अवस्थेत, चुकीच्या सर्व्हरवर कमांड चालवली आणि मुख्य डेटाबेसचा डेटा पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले तर नेहमीचे बॅकअप कित्येक दिवस तयारच होत नव्हते, आणि ते अयशस्वी झाल्याचे इशारे कुणापर्यंत पोचत नव्हते. शेवटी सुमारे सहा तास आधी घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावलं, पण मधला डेटा गेला. पुढं त्यांनी जे केलं ते मात्र थोड्याच कंपन्या करतील. दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर सगळ्यांना थेट दाखवलं आणि नंतर काय, कसं, का चुकलं याचा सविस्तर अहवाल जाहीर केला. चूक करणाऱ्या माणसापेक्षा चूक होऊ देणाऱ्या व्यवस्थेवर त्याचा भर होता.

तुमचा प्रश्न असा: ‘शेवटचा मोठा बिघाड कोणता? नंतर काय बदललं?’ तपशील गोपनीय असू शकतो, ढोबळ सांगितलं तरी चालेल. उत्तरात ‘आता असा बदल आपोआप अडवला जातो’ असं काही आलं, तर टीम शिकते. ‘त्या मुलाला समज दिली’ एवढ्यावर थांबलं, तर पुढचा ‘तो मुलगा’ कोण असेल याचा विचार करा.

बॅकअपचं विचारायला लाजू नका. मी मुलाखत घेत असताना कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका मुलीनं मला विचारलं होतं, ‘बॅकअपवरून डेटा परत आणून शेवटचं कधी बघितलं?’ मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही आणून बघितला, तर त्यातली दोन टेबलं गायब होती. ती मुलगी दुसऱ्या कंपनीत गेली. आम्ही ऑफर दिली होती.

दुसरी चाचणी डिसेंबर २०२१ ची. लॉगफोरजे (Log4j) या जावा भाषेतल्या फार पसरलेल्या लायब्ररीत, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडमध्ये, तेव्हा सुरक्षेचं एक भगदाड सापडलं. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा मिळाले होते. ‘त्या आठवड्यात तुमच्याकडे काय झालं?’ हे तेव्हापासून तिथं असलेल्या कुणालाही विचारता येतं. आपल्या कुठल्या प्रोजेक्टमध्ये ती लायब्ररी आहे हे तासाभरात कळलं, की तीन आठवडे शोधाशोध चालली? जावा वापरतच नसतील तर बाहेरच्या लायब्ररीतली अलीकडची दुसरी एखादी दुरुस्ती विचारा.

रात्री काही बिघडलं तर उठून बघायच्या ऑन-कॉल पाळीबद्दल आकड्यांतच बोला. पाळीत किती जण आहेत? तुमचा नंबर किती आठवड्यांनी येतो? गेल्या पाळीत रात्री कितीदा उठावं लागलं? त्याचे पैसे किंवा दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळते का? नवखा माणूस किती महिन्यांनी पाळीत येतो, आणि आधी कुणाबरोबर शिकतो? ‘तसं फारसं काही होत नाही’ हे उत्तर मोजू नका.

पायरी ५: माणसं

मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली एक निरीक्षण मांडलं: संस्था जी सिस्टीम घडवते तिची रचना त्या संस्थेतल्या माणसांच्या आपसांतल्या बोलण्याच्या रचनेसारखीच होते. दोन टीम एकमेकींशी बोलत नसतील तर त्यांच्या कोडमधला सांधाही निखळलेलाच असतो. म्हणून विचारा, ‘एखादा साधा बदल करायला शेवटचं किती टीमना विचारावं लागलं?’

मॅनेजरला विचारायचे प्रश्न वेगळे. ‘शेवटची ठरलेली तारीख चुकली तेव्हा काय केलंत?’ याची तीनच उत्तरं असतात: काम कमी केलं, तारीख पुढं ढकलली, किंवा लोक रात्री थांबले. तिसरं आलं तर किती दिवस थांबले ते विचारा. दोन दिवस, तेही वर्षातून एकदा, हे समजण्यासारखं आहे. दोन महिने असेल, तर तोच तिथला शिरस्ता.

‘टीम सोडून शेवटचं कोण गेलं, नाव नको, पण का गेलं?’ हा प्रश्न मी प्रत्येक वेळी विचारते. ‘त्याला दुसरीकडे जास्त पैसे मिळाले, आम्हाला तेवढे देता आले नाहीत’ हे सरळ उत्तर आहे. ‘त्याचा अ‍ॅटिट्यूड बरोबर नव्हता’ हे उत्तर देणाऱ्या माणसाकडे उद्या तुम्ही सोडून गेल्यावर तुमच्याबद्दलही एक वाक्य तयार असेल.

‘इथं सगळे घरच्यासारखे राहतो’ असं कुणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. ‘तुम्ही स्वतः सलग आठवडाभर सुट्टी शेवटची कधी घेतलीत, आणि त्यात ऑफिसचे किती फोन आले?’ एवढंच विचारते. एकदा एका मॅनेजरांना या प्रश्नावर बराच वेळ आठवेना. शेवटी म्हणाले, ‘लग्नात.’

पहिलीच नोकरी असेल तर बाकी सगळ्यावर भारी पडणारा प्रश्न हा: माझा कोड कोण वाचणार, आणि ती व्यक्ती मला आज भेटेल का? पहिल्या दोन वर्षांत तुम्ही किती शिकाल हे कंपनीच्या नावापेक्षा त्या एका माणसावर जास्त ठरतं. पाच फ्रेशर आणि एक सीनिअर, आणि तो सीनिअरही दिवसभर मीटिंगमध्ये, अशी टीम असेल तर तुम्हाला शिकवायला कुणी नाही असंच धरून चाला.

पायरी ६: पैसा कुठून येतो

हे थोडक्यात. स्टार्टअप असेल तर सध्याच्या खर्चानं हातातला पैसा किती महिने पुरेल ते विचारा. नेमका आकडा सांगणार नाहीत, पण ‘वर्षाहून जास्त’ एवढं सांगायला अडचण नसावी. दुसऱ्यांसाठी काम करणारी सेवा कंपनी असेल तर तुम्ही कुठल्या प्रोजेक्टवर जाणार हे ठरलंय का, आणि प्रोजेक्ट नसताना बेंचवर बसवलेल्यांचं शेवटचं काय झालं, हे विचारा. एकाच मोठ्या ग्राहकावर सगळी कंपनी चालत असेल तर तेही कळलेलं बरं.

पायरी ७: त्याच संध्याकाळी

मुलाखत संपल्यावर तासाभरात जे आठवेल ते लिहून काढा, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. ‘बरी वाटली’ असं लिहू नका. ‘शेवटचा रिलीज: मॅनेजर म्हणाले दर आठवड्याला, इंजिनीअर म्हणाला गेल्या महिन्यात’ असं लिहा. तीन कंपन्यांच्या मुलाखती झाल्या की सगळं एकमेकांत मिसळतं, आणि मग जिथला चहा चांगला होता तीच कंपनी चांगली वाटायला लागते. ज्या प्रश्नांना उत्तरं मिळाली नाहीत त्यांची वेगळी यादी करा. ती पुढच्या पायरीवर लागेल.

पायरी ८: ऑफर हातात आल्यावर

नवखे लोक ऑफर आली की प्रश्न संपले असं समजतात. खरं तर अवघड प्रश्न विचारायची हीच वेळ. ऑफरआधी ते तुम्हाला निवडत असतात, ऑफरनंतर तुम्ही त्यांना. पगार, ऑन-कॉल, सोडून गेलेल्यांची कारणं, जे विचारायला आधी संकोच वाटला ते आता विचारा. आणि टीममधल्या एखाद्या इंजिनीअरशी, मॅनेजर नसताना, वीस मिनिटं बोलायला मिळेल का ते मागा. चांगल्या कंपन्या आनंदानं गाठ घालून देतात.

तोंडी दिलेला प्रत्येक शब्द लेखी घ्या. भांडायची गरज नाही. ‘आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे आठवड्यातून दोन दिवस घरून काम आणि सहा महिन्यांनी पगाराचा आढावा, बरोबर ना?’ असा छोटा मेल पाठवा. करारात चार जागा नीट वाचा: नोटीस पिरियड दोन्ही बाजूंना सारखा आहे का, फावल्या वेळात घरी लिहिलेल्या कोडवर कंपनी हक्क सांगते का, नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायला अटकाव आहे का, आणि लवकर सोडल्यास प्रशिक्षणाचे पैसे परत मागणार का. यातली कुठली ओळ अंगावर येणारी वाटली तर सही करण्याआधी तुमच्या इथला कायदा जाणणाऱ्या माणसाला दाखवा.

पगाराऐवजी शेअर देऊ करत असतील तर ‘दहा हजार शेअर’ या आकड्याला हुरळून जाऊ नका. कंपनीचे एकूण शेअर १० लाख असतील तर तो एक टक्का झाला, १० कोटी असतील तर एका टक्क्याचाही शंभरावा भाग. एकूण किती, हे विचारा. बहुतेक ठिकाणी हे शेअर चार वर्षांत हप्त्याहप्त्यानं तुमचे होतात आणि पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत एकही मिळत नाही. म्हणजे अकराव्या महिन्यात सोडलंत तर हात हलवत बाहेर. सोडल्यानंतर ते विकत घ्यायला किती दिवस मिळतात हेही बघा. बऱ्याच करारांत ९० दिवसच असतात.

‘आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्या, नाहीतर दुसऱ्याला देऊ’ असं म्हणणाऱ्यांकडे दोन-तीन दिवस मागून बघा. दिले तर ठीक. नाही दिले, तर इथं कामाच्या तारखा कशा ठरत असतील याचा नमुना मिळाला.

आता खरी अडचण. हे सगळं वाचून कुणी म्हणेल, माझ्या हातात एकच ऑफर आहे आणि घरचं भाडं थकलंय, मी काय पारखणार? तर मग घ्या ती नोकरी. मीही टेस्टचा पत्ता नसलेल्या, रिलीज हातानं करणाऱ्या टीममध्ये एकदा डोळे उघडे ठेवून गेले होते, कारण तिथली एक सीनिअर बाई माझा प्रत्येक बदल ओळ न् ओळ वाचणार होती. तिच्याकडून दीड वर्षात जे मिळालं ते नंतरच्या दोन नोकऱ्यांत मिळून मिळालं नाही. पण काय मिळणार आणि काय नाही, हे मला पहिल्या दिवशी माहीत होतं, त्यामुळे तिसऱ्या दिवशी धक्का बसला नाही.

आणि सातव्या पायरीवरचा तो कागद फेकू नका. रुजू झाल्यावर महिनाभरानं तो काढा आणि त्यांनी सांगितलेलं एकेक ताडून बघा. प्रोबेशनचा काळ अजून संपलेला नसतो, आणि ज्या दुसऱ्या कंपनीला तुम्ही नम्रपणे नाही म्हटलंत, तिथल्या माणसाचा मेल अजून इनबॉक्समध्ये असतो.